मुक्ताची एक ओळ

मंगळवार, संध्याकाळ. सदाशिव पेठ, खोलीवर.

एक ओळ! डोक्यातून जातच नाहीये. आज ऑफिसात नवा सर्व्हर आला. म्हणजे फायली कुठे आहेत, सर्व्हरचं नाव काय, हे सगळ्या प्रोग्रामना नव्याने सांगणं आलं. शेजारच्या टेबलावरच्या मुक्ताने ते आधीच एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवलं होतं, तिचा प्रत्येक प्रोग्राम तिथूनच वाचतो. तिने तिथली एक ओळ बदलली आणि तिचं सगळं सुरू झालं. मी मात्र एकेक प्रोग्राम उघडून जुना पत्ता शोधत बसलो. मागे तिने हेच सुचवलं, तर मी भडकलो होतो, "माझ्या कोडला हात लावायचा नाही!" मी कॉलेज अर्धवट सोडलेला म्हणून मला शिकवतेय, असं वाटलं तेव्हा. गाढव मी.

साहेब म्हणाले, आज बिलं छापून गेली नाहीत तर गिऱ्हाईक तुटेल. शेवटी गेलो तिच्याकडे.

"मुक्ता, मदत करतेस?"

"आपल्या कोडला हात लावायची परवानगी आहे का?"

"लाव ना बाई!"

हसली. माझ्याच खुर्चीत बसून बिलांचा प्रोग्राम तिच्या फाईलला जोडून दिला. बिलं वेळेत गेली. माझ्या घोळाबद्दल साहेबांना एक शब्द बोलली नाही. काय सुंदर काम करते! काम म्हणतोय मी, काम. एक ओळ, बस्स.

माझे बाकीचे प्रोग्राम उद्यापासून दोघांनी मिळून बदलायचं ठरलंय. ती म्हणाली, "दोन दिवसांत उरकेल."

मी म्हणालो, "छे, महिना तरी लागेल."