उजव्या पंखावरची शंका

३ मार्च, सोमवार
दातांच्या डॉक्टरांचं छोटं विमान चेकिंगला आलं. डाव्या पंखातल्या बरगडीला भेग, अकरा मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनी पकडली, भिंग नंतर लावलं. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडायचं म्हणजे ती पुढे सरकत नाही, वर पत्र्याचं ठिगळ, रिव्हेट मारले की काम फत्ते. शुक्रवारी विमान परत. शब्द म्हणजे शब्द.

४ मार्च
डॉक्टर सकाळी दहालाच हजर. दवाखाना बंद केलाय, त्यामुळे वेळच वेळ. दोन तास माझं डोकं खाल्लं. म्हणाले, आम्हीही हेच करतो, फक्त आमचं गिऱ्हाईक ओरडतं. हसलो नाही. घरी आल्यावर हसलो. मी एकटा रमणारा माणूस. उद्या स्पष्ट सांगणार, येत जाऊ नका.

५ मार्च
सांगितलं नाही. त्यांनी थर्मासमधून चहा आणला होता. दुसऱ्याचा चहा पिताना असं बोलणं बरं दिसत नाही.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ११
ठिगळ बसलं. एक नंबर काम. विमान उडायला ठीक आहे अशी सही करणार, एवढ्यात डॉक्टर म्हणाले, वीस तारखेला नातीचा वाढदिवस आहे. स्वतःचं विमान घेऊन जाणार आणि लेकीकडेच राहणार, कायमचं. अभिनंदन केलं.

दुपारी ३
उजव्या पंखाबद्दल शंका आली. सेफ्टीच्या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. सही सोमवारी.

१० मार्च
उजव्या पंखाला लाल रंग लावला, पुसला, पांढरी पावडर फवारली. भेग असेल तर लाल रेघ उमटते. उमटली नाही. पावडर जुनी झाली असणार. नवी मागवली, पाच दिवस लागतील. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, तोवर गप्पा मारू. माझा नाइलाज आहे.

१२ मार्च
ताईचा फोन. विचारत होती, कोणाशी बोलतोस की नाही? म्हटलं, एक जण दिवसभर पिच्छा सोडत नाही. आज मात्र साडेदहापर्यंत आले नव्हते. हवा कशी आहे ते बघायला तीनदा दारापर्यंत जाऊन आलो.

१५ मार्च, शनिवार
नवी पावडर. रेघ नाही. टोकापाशी एक ओरखडा आहे. रंगावरचाच, पण आज ओरखडा, उद्या काय होईल कोणी सांगावं? डॉक्टरांना भिंगातून दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. समजूतदार माणूस.

१८ मार्च
आले नाहीत. कालही नाही. सामान बांधत असतील. उद्या सही करून टाकतो. फायनल.

१९ मार्च
डॉक्टरांचा फोन. विमान फ्लाइंग स्कूलला विकलं. स्वतः बसमध्ये बसलेत, उद्या संध्याकाळपर्यंत पोचतील. म्हणाले, रागावलो नाही, तुमच्याकडे वेळ छान गेला. विमान केव्हाचं तयार आहे, हे सांगायला तोंड उघडलं. जपून जा, म्हणालो.

२० मार्च
पूर्ण शांतता. हवी होती तश्शी. करमत नाही.

२१ मार्च, शुक्रवार
स्कूलचा पायलट विमान न्यायला आला. सही केली. फॉर्मवर प्रत्यक्ष कामाचे तास भरावे लागतात. सहा लिहिले. त्याने विचारलं, मग अठरा दिवस विमान इथे काय करत होतं? चेकिंग, म्हणालो. बसा ना जरा, असंही म्हणालो. नको म्हणाला, वर्ग आहे.