सोबतीचा ट्रे

३ तारीख, सोमवार
सकाळी नऊला निघाले, साडेअकराला हॉस्पिटलात पोचले. वजन उतरवायचं ऑपरेशन तेरा तारखेला आहे. तोवर इथेच राहून फक्त पातळ घ्यायचं, म्हणजे यकृत आक्रसतं आणि डॉक्टरांना जठरापर्यंत पोचायला जागा मिळते. खोली चौदा नंबरची. भिंती नुकत्याच रंगवलेल्या, मोठी खिडकी, खाली सायकलस्टँड. दोन खाटा आहेत, एक पेशंटची, एक सोबतीची. भरपूर उजेड येतो. सामान लावताना गुणगुणत होते, हे नंतर लक्षात आलं. पुष्कळ दिवसांनी असं झालं.

फॉर्म भरताना मात्र एक घोटाळा केला. 'सोबतीचं नाव' या रकान्यात सवयीने ताईचं नाव लिहिलं. शाळेपासून माझ्या फॉर्मवर ती आणि तिच्या फॉर्मवर मी, असंच चालत आलं होतं. तिला जाऊन अकरा महिने झाले. काउंटरवरच्या मुलीने शिक्का मारला तेव्हा चूक कळली. मागे रांग होती. खोडा म्हणायचा संकोच वाटला. राहू दिलं.

वजन १०६. वजनमापे खात्यात तपासनीस म्हणून वीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासले, पण स्वतःचा आकडा यायच्या वेळी डोळे मिटले. नर्स हसली.

४ तारीख, मंगळवार
आज सर्जनने सगळं समजावलं. जठराचा मोठा भाग कापून काढायचा, उरणार ते केळ्याएवढं. टाके गळू शकतात. पायात गाठ होऊन फुप्फुसात जाऊ शकते. भूल उतरताना श्वास अडकू शकतो. जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. हजारात एखादा दगावतो, हेही त्यांनी लपवलं नाही. नाही केलं तर काय, विचारलं. साखर, रक्तदाब, झोपेत थांबणारा श्वास. पुढच्या दहा वर्षांची खात्री मी देणार नाही, म्हणाले.

दोन्ही पारडी नीट पाहिली. करावं, असंच वाटतं.

उठता उठता ते म्हणाले, भूक जागवणारा भागच आपण काढतो, त्यामुळे भूकही जाते. घरातलं एक माणूस निघून गेल्यासारखं वाटतं, असं काही पेशंट सांगतात म्हणे. ते हसले. मला हसता आलं नाही.

६ तारीख, गुरुवार
सकाळी वजनाची रांग. तेरा नंबरच्या बाईंची बेकरी आहे, सगळे त्यांना बेकरीवाल्या बाईच म्हणतात. पोट शिवतील हो, पण हे तोंड कोण शिवणार, असं त्यांनी नर्सला विचारलं आणि सगळी रांग हसली. त्या तीन किलोंनी उतरल्या.

मी १०७.

आहारतज्ज्ञ म्हणाली, मॅडम, आमच्याशी खोटं बोलाल, काट्याशी कसं बोलणार? मी एक लिटरच्या सहा सीलबंद बाटल्या ठेवून काटा तपासला. काटा खरा आहे. मी दिलेल्या सूपापलीकडे काही घेतलेलं नाही.

इथे एक लिहून ठेवते. ताईला घशाचं दुखणं होतं. आवाज बसला, मग गिळता येईना, तेव्हा पोटात नळी घातली. एकदा तिने पाटीवर लिहिलं, तू खा आणि मला सांग. तेव्हापासून वीस महिने मी रोज तिच्या खाटेशी बसून खाल्लं आणि प्रत्येक घास कसा लागतो ते सांगितलं. ती डोळे मिटून ऐकायची, जबडा हलवायची. सगळ्यात आवडता पाव, त्यावर लोणी, वर साखर. लोणी अगदी कडेपर्यंत लागलेलं हवं, नाहीतर पाटीवर फुली मारायची. सुरुवात केली तेव्हा मी ६८ किलो होते.

गेली तेव्हा ताई ३८ किलो होती. आज फाईलमधले आकडे बघताना बेरीज आपोआप झाली. १०६.

८ तारीख, शनिवार
स्वयंपाकघरातला वाढपी रिकामा ट्रे न्यायला आला. तुमच्या सोबतच्या बाई झकास जेवतात, म्हणाला. पहिल्या दिवशी अर्धा पाव टाकला होता, आता चाटूनपुसून साफ.

माझ्यासोबत कुणी नाही, असं मी सांगितलं. त्याने दुसऱ्या खाटेकडे पाहिलं. चादर चुरगळलेली होती.

फॉर्मवर सोबतीचं नाव आहे म्हणून मंगळवारपासून तो रोज आठला तिच्यासाठी पाव, लोणी आणि साखर आणतो. त्या वेळी मी अंघोळीला असते, आणि रिकामा ट्रे त्याला एरवी दाराबाहेर ठेवलेला मिळतो. दार लोटलेलं असतं, आतून ठेवा तिथेच असा आवाज येतो म्हणे. घसा बसलाय का हो त्यांचा, असंही त्याने विचारलं.

मोठ्या सिस्टरना सांगितलं. सोबतीच्या नावावर खाणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत, असं त्या न रागावता म्हणाल्या. नाव खोडलं. ट्रे बंद केला.

१० तारीख, सोमवार
ट्रे आला नाही. वजन १०८.

भावजींना फोन केला. ट्रेबद्दल त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, तुला सांगायचं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात ताईने पाटीवर लिहिलं होतं, मी आता तिच्यातच जेवते. मी गेल्यावर तिला उपाशी ठेवू नका.

आजारी माणसाचं लिहिणं ते, मनावर घेऊ नकोस, ऑपरेशन उरकून टाक, म्हणाले.

११ तारीख, मंगळवार
सोनोग्राफी. बारा तास पाणीसुद्धा नाही. तरी तंत्रज्ञाने विचारलं, काय खाऊन आलात? पुन्हा फिरवून पाहिलं. जठर भरलेलं.

सर्जन आले. पहिल्यांदाच आवाज चढवला. खरं सांगा, म्हणाले. भूल दिल्यावर हे वर येऊन फुप्फुसात गेलं तर —

फाईल मिटली. परवा सकाळी पुन्हा बघणार. पोट रिकामं असेल तरच ऑपरेशन.

१२ तारीख, बुधवार
बेकरीवाल्या बाईंचं काल झालं. आज भिंत धरून चालत होत्या. भूकच नाही हो, डोक्यावरचं बोचकं कुणी उतरवल्यासारखं वाटतंय, म्हणाल्या.

मला जगायचंय. हे कुणाला सांगितलं नव्हतं. संमतीपत्रावर सही केली.

जेवणाची घंटा झाली की जबडा हलतो. माझाच. हाताने धरून ठेवते.

सोबतीच्या उशीला खळगा पडलाय. दोनदा सारखा केला.

१३ तारीख, गुरुवार
सकाळी नऊ. पोट रिकामं. सर्जनने पाठ थोपटली. ऑपरेशन एकला. तोवर थेंबही नाही. बाराला न्यायला येतील.

दहा. स्टुलावर ट्रे आहे. कुणी दार वाजवलं नाही. पाव. लोणी. साखर.

घंटी दाबली. कुणी येत नाही. पुन्हा दाबली —

खाट करकरली. मी तिकडे बघत नाही. रागावलेली नाही ती. नुसती भुकेली आहे. एक वाजून गेल्यावर तिला जेवायला जागाच —

नुसतं लावून ठेवते. खाणार नाही. लोणी थंड आहे, सुरी नीट फिरत नाही. कडेपर्यंत लावलं. या कोपऱ्यालासुद्धा. वर साखर.

जिभेवर ठेवते फक्त. सांगते आणि थुंकते.

मऊ आहे ताई. कड थोडी चिवट. लोणी आता कुठे विरघळतंय, साखर अजून दाताखाली —