उजवा खांदा पाऊण इंच खाली

३ नोव्हेंबर, सोमवार

बाई कोपऱ्यात उभी राहिली ती हलेचना. अंगावर बस ड्रायव्हरचा गणवेश. मला वाटलं, पँटची चेन गेली असेल, लाजतेय. दुकानात पाच गिऱ्हाइकं, शाळेचे एकशे वीस शर्ट डोक्यावर – शेवटी मीच म्हटलं, बोला, काय उसवलंय?

तर म्हणाली, "बालगृहाच्या मुलांचे कपडे तुमच्याकडेच शिवायचे ना?"

शिवायचे. चाळीस वर्षांपूर्वी. बाबा वर्षातून दोनदा तिथे मापं घ्यायला जायचे. ही तिथेच वाढली – चौथ्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत. तिथे पोरांना मारलं, कोंडलं, उपाशी ठेवलं, त्याची चौकशी आता कुठे सुरू झाली आहे. समिती बसली आहे. सव्वीस जणांनी तक्रार केली. आणि संस्था काय म्हणते? ही माणसं आमच्याकडे होती कशावरून! आमची रजिस्टरं पाण्यात भिजून गेली. पुरावा आणा.

म्हणजे मुळात तुम्ही नव्हतातच, मग मार कुठला! मला हसूच आलं, रागाचं. तिला नाही आलं. जुना एखादा कागद, एखादी पावती, काहीही चालेल म्हणाली. तिची तक्रार टिकायला तेवढंच हवं आहे. शोधते म्हटलं. आमच्या घरात काही टाकायची पद्धत नाही. बाबांनी मोडक्या सुयासुद्धा डब्यात जपल्यात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सापडल्या! माळ्यावर, जुन्या मशीनच्या खोक्यात. मापाच्या नऊ वह्या. नाकातोंडात धूळ गेली, शिंकून शिंकून जीव गेला, पण सापडल्या.

नावं नाहीत. नुसते नंबर, १ ते ६०. कॉलरच्या आत नंबर शिवायचा, अशीच ऑर्डर होती. बसवाली म्हणाली होती की तिचा नंबर ३१.

पहिल्या चार वह्यांत अक्षर माझं आहे! बाबा टेप लावून आकडा सांगायचे, मी लिहायचे. नऊ-दहा वर्षांची असेन. हे मी साफ विसरले होते. आठवते ती फक्त तिथली फरशी, काळी आणि पांढरी. पाचव्या वहीपासून अक्षर बाबांचं. मला कंटाळा आला असेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

ड्यूटी संपवून बसवाली आली. मी पाचवी वही उघडली. ३१ – छाती चोवीस, बाही साडेपंधरा, आणि पुढे बाबांच्या अक्षरात: उजवा खांदा पाऊण इंच खाली. शिंपी असं लिहितोच. एक खांदा उतरता असेल तर त्या बाजूचं कापड कमी धरावं लागतं, नाहीतर शर्ट गळ्याशी चुण्या पाडतो. मी तिला सरळ उभं केलं, जमिनीपासून दोन्ही खांद्यांचं माप घेतलं. उजवा खाली. पाऊण इंच. केसभर इकडे नाही की तिकडे नाही!

मला तर नाचावंसं वाटलं. नंबर कोणाचाही असेल, पण हा खांदा हिचाच आहे. आता म्हणू दे संस्थेला, ही आमच्याकडे नव्हती म्हणून.

मग बढाई मारायला मी चौथी वही काढली. सहा महिने आधीची, माझ्या अक्षरातली. ३१. खांद्याचा उल्लेखच नाही. तिसरी काढली. दुसरी काढली. कुठेच नाही. बाबांच्या नजरेतून खांदा सुटणं शक्य नाही. म्हणजे तोवर तो सरळ होता.

मी वर पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "वॉर्डनने हात पिरगाळून दाराच्या कडीला बांधलं होतं. सुटला तेव्हा खांदा असा झाला. डॉक्टर नाही आणला."

टेप गुंडाळायचा होता, तो मला गुंडाळता येईना. तिनेच माझ्या हातातून घेतला आणि गुंडाळून टेबलावर ठेवला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डोळ्याला डोळा नाही. एकाच शर्टला दोन डाव्या बाह्या लावल्या. बाबांना अजून काही बोलले नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

पाचव्या वहीपासून काही नंबरांपुढे दोन अक्षरं आहेत: पू. बा. सातच्या पुढे, बाराच्या, एकतीसच्या, चाळीसच्या. पूर्ण बाही. पण उन्हाळी शर्ट सगळ्यांचे अर्ध्या बाहीचेच ठरले होते, ऑर्डर पहिल्याच पानावर चिकटवलेली आहे. मग या चार-पाच पोरांनाच भर उन्हाळ्यात लांब बाही कशाला?

बाबा काज करत बसले होते. ब्याऐंशीव्या वर्षीही टाका हलत नाही त्यांचा. मी वही पुढे धरली आणि विचारलं, हे संस्थेने सांगितलं होतं का.

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली.

"नाही," म्हणाले. "मीच द्यायचो. हातांवर वळ असायचे. मोठ्या लोकांची भेट असली की पोरं लाजायची. मग जास्तीचं कापड मी माझं घालायचो."

आणि वर, अगदी साधेपणाने, "तेवढंच माझ्या हातात होतं."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. हा माणूस! मांजराच्या पिल्लाला ठेच लागली तरी कळवळणारा. शहरभर ज्याचा शब्द चालतो तो. वळ दिसले आणि याने ते झाकायला कापड दिलं! दया म्हणून! वॉर्डनला याहून चांगला मदतनीस कुठे मिळाला असता?

हे सगळं मी तोंडावर बोलले. त्यांनी सुई पुन्हा उचलली. मूग गिळून बसायची सवय जुनीच दिसते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस अबोला. जेवणाचं ताट पुढे सरकवते, बास.

बसवालीचा वकील येऊन वह्या बघून गेला. पोरगेलासा आहे, पण डोकं तल्लख. म्हणाला, सोनं आहे हे, पण ज्यांनी लिहिलं त्यांनी स्वतः येऊन सांगितलं तरच. नाहीतर समोरचा वकील म्हणेल, काल रात्री बसून लिहिल्या. आणि आले की पू. बा. विचारणारच. सगळ्या गावासमोर.

मी बाबांकडे पाहिलंही नाही. बाबा आतून म्हणाले, कोणत्या तारखेला यायचं?

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज सुनावणी. एका सरकारी इमारतीतला लांबोडका हॉल, हलणाऱ्या खुर्च्या, पाण्याचा एक जग आणि पेले दोनच. समितीत तिघं. मधोमध अध्यक्षबाई, जाड चष्मा.

बाबांनी वही ओळखली. मग संस्थेचा वकील – काय तो आवाज, तुपात घोळलेला – म्हणाला, आजोबा, चाळीस वर्षांनी खांदा कसा आठवतो हो? बाबा म्हणाले, आठवत नाही, मोजतो. खिशातून टेप काढला. बसवालीपाशी गेले आणि मुलीला विचारावं तसं विचारलं, लावू का? तिने मान हलवली. त्यांनी टेप लावला.

"पाऊण," बाबा म्हणाले.

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. ३१ नंबर तिथे होती, हे आज सरकारी कागदावर आलं! मग पू. बा. आलं. बाबांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. दोन्ही एकदम.

पण तुपाळ वकील कच्चा नाही. म्हणाला, शिंप्याने अंदाज बांधला, ठीक. खांदा पडूनही निखळतो. वॉर्डनने केलं हे ही बाई आज, चाळीस वर्षांनी म्हणते. त्या वेळी एका तरी माणसाला सांगितलं होतं का?

बसवाली म्हणाली, "सांगितलं होतं. एका मुलीला."

नाव?

"राहू द्या. लहान होती ती."

तो हसला. वा, सोयीची मुलगी! अध्यक्षबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तेव्हाच कोणाला सांगितलेलं असेल तर त्याचं वजन फार मोठं आहे. वीस तारखेपर्यंत ती मुलगी आणा. नाहीतर वॉर्डनवरचा आरोप पुढे नेणं अवघड आहे.

तो वॉर्डन जिवंत आहे. पहिल्या रांगेत बसला होता, सून बरोबर. मधून मधून खोकत होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर त्या मुलीमागे. बसवालीला तीनदा फोन केला – नाव सांगा, आम्ही शोधून काढू, बालगृहातलीच ना? ती एकच धरून बसलीय. म्हणे, तिला आठवत नसेल तर कशाला छळायचं.

मी भडकलेच. म्हटलं, अहो, आठवत नाही म्हणजे काय? एवढं ऐकून कोणी विसरतं का? आणि ऐकलं तर तेव्हा काय दातखीळ बसली होती तिची? कोणाला तरी सांगायचं! ती म्हणाली, लहान मुलांवर असं रागावू नये.

बाबा बाजूलाच होते. आज त्यांना काज जमेना. तीन उसवले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी बाबा म्हणाले, "ती मुलगी शोधू नकोस. तूच ती. चौथ्या वहीचे शर्ट द्यायला गेलो होतो, तेव्हा तिने तुला सांगितलं. घरी येऊन तू मला सगळं सांगितलंस, वॉर्डनच्या नावासकट. मी तुझ्या थोबाडीत दिली. परत तुला तिकडे नेलं नाही."

मला काही आठवत नाही. थोबाडीत दिलेलीही नाही.

बसवालीला फोन केला. म्हणाली, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

दुपारी बाबांना घेऊन समितीच्या कचेरीत गेले. अर्जात एक रकाना आहे – ही गोष्ट त्या वेळी कोणाकोणाला माहीत होती? तिथे पहिलं नाव माझं लिहिलं. दुसरं बाबांनी स्वतः लिहिलं.