कप्तानाच्या दारातला मेंढा

रजब २, मंगळवार

लिही — आज भाकऱ्या करपल्या. तेही लिही. करपल्या, कारण लिहिणारा तंदुराला पाठ टेकून झोपला होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले.

हा शूई. शिपाई, समुद्राकाठचा. आमच्या डोंगरावर छावणी पडल्यापासून थंडीने याचे दात वाजतायत. कागद घेऊन बसायचा, घरी काय लिहावं सुचायचं नाही, फाडायचा. म्हटलं, तुझं सुचत नाही तर माझं लिही. मला अक्षर येत नाही, पण बोलायला काही कमी नाही. मजुरी म्हणून गरम भाकरी. खातो आणि म्हणतो, "आमच्याकडे तंदुरात मासे भाजतात, आजी." म्हणजे माझी भाकरी नापास.

माझा मुलगा समोरच्या डोंगरावर, इमामाच्या बाजूने, या छावणीशी लढतोय. तोही कुणा म्हातारीच्या भाकरीला नावं ठेवत असेल. ठेवू दे. जेवतोय ना, झालं.

रजब ५, शुक्रवार

मीठवाला शूईच्या गावाकडून उंट घेऊन वर आला. शूईला म्हणाला, "तुझ्या बायकोचे दिवस भरत आलेत. विचारते, येणार की नाही?"

शूई धावत कप्तान मुस्लिहच्या तंबूत गेला. चालत परत आला. "लढाई संपल्यावर जा म्हणाले. कधी संपेल, आजी?"

मला काय विचारतोस? मी नाही सुरू केली.

जेवला नाही. मला मात्र एक सुचलंय. ते आज लिहायचं नाही.

रजब ६, शनिवार

घरच्या मेंढ्याला पोटभर चारा घातला. लग्नघरासारखी धांदल उडालीय माझ्या जिवाची, आणि सांगायला कुणी नाही. शूई, तू मान खाली घालून लिही.

रजब ७, रविवार

केलं!

मेंढा ओढत थेट छावणीत नेला. आचारी मुसाद हरखला — मसुरीशिवाय काही शिजलंच नव्हतं. "कुठे कापू, आजी?" म्हटलं, इथेच, कप्तानाच्या तंबूच्या दाराशी. मुसाद शहरातला, त्याला काय कळतंय! सुरी फिरली. डोंगरातले शिपाई मात्र जागीच थिजले. कुणाच्या दारात जनावर कापून मागणं मागितलं, की ते मान्य होईपर्यंत त्या मांसाला हात लावायचा नसतो. आणि नाही म्हणणाऱ्याला त्याच्या टोळीत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

कप्तान बाहेर आला. तोही डोंगरातलाच. रक्त पाहिलं, मला पाहिलं.

"आजी, हे काय केलंत तुम्ही?"

"शूईला घरी पाठव."

"कुणालाही रजा नाही. वरून हुकूम आहे."

"मग वरच्यांना सांग, तुझ्या दारात रक्त आहे."

आत गेला, पडदा ओढून घेतला.

दुपार झाली. भुकेले शिपाई मेंढ्याभोवती बसलेत, मयताला बसावं तसे. आणि हा माझा लेखनिक विचारतो, "आजी, मटण वाया चाललंय, भाजू का?"

अरे, तुझ्याचसाठी पडलाय तो!

तेव्हा याच्या डोक्यात उजेड पडला. आता दर ओळीला तंबूकडे बघतोय. कप्तान अजून आतच.

रजब ८, सोमवार

काल दिवस मावळताना पडदा सरकला. कप्तान म्हणाला, "मांस उचला." एवढंच. छावणी अशी ओरडली की समोरच्या डोंगरावरून दोन गोळ्या आल्या. कुणालाच लागल्या नाहीत. म्हणजे माझ्या मुलाच्या नव्हेत, त्याचा नेम इतका वाईट नाही.

मी खाल्लं नाही. देणाऱ्याने खायचं नसतं. शूईने माझ्या वाटचंही खाल्लं.

उद्या मीठवाल्याबरोबर उतरणार. मुलगी झाली तर तक़िय्या ठेवीन म्हणतो, माझं नाव. म्हटलं ठेव, पण तिला लिहायला शिकव — नाहीतर म्हातारपणी तुझ्यासारख्यांना भाकऱ्या चारत बसेल. हसतोय आणि कागद ओला करतोय. पूस आधी.

रजब १०, बुधवार

आज अक्षर वेगळं दिसेल. लेखनिक नवा आहे, खाडाखोड फार करतो.

कप्तान मुस्लिह. आपणहून आला, तंदुराला पाठ टेकून बसला. भाकरी खाल्ली, नावं ठेवली नाहीत. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "आजी, घरी मलाही जायचंय. तुझ्याकडे अजून एखादा मेंढा आहे का गं? माझ्या वरच्यांच्या दारात कापायला."