रस्त्यावर धान वाळत होतं

बाबूजी,

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तुम्ही होता तोवर मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. राईस मिलचा ट्रक घेऊन कितीही लांब गेलात तरी दोन-तीन दिवसांत घरी यायचात, आणि आपलं बोलणंही लिहून ठेवण्यासारखं नसायचं. जेवलीस का, चाकात हवा आहे का, एवढंच. आता मी आमगावच्या अलीकडच्या एका शाळेत शिकवते. राहते गोंदियात, आणि रोज स्वतःची गाडी चालवत जाते-येते. गेल्या दिवाळीनंतर त्याच रस्त्यावर माझ्या हातून एक गोष्ट घडली. सायकल आणि ट्रक दोन्हींतलं ज्याला कळत होतं असा माणूस तुमच्याशिवाय मला दुसरा आठवला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

त्याआधी माझा नववीतला एक दिवस. आम्ही चौघी मैत्रिणी शाळेतून सायकलींवर परत येत होतो, रस्ताभर पसरून, कारण एकीमागे एक चाललं की बोलता येत नाही. मागे ट्रक आलाय हे आवाजावरून कळलं होतं, पण हॉर्न वाजेना, म्हणून आम्ही वळूनही पाहिलं नाही. बराच वेळ तो तसाच मागे राहिला. पुढे रस्ता जरा रुंद झाला तेव्हा ट्रक आम्हाला ओलांडून गेला, थांबला, आणि केबिनमधून तुम्ही उतरलात. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर थोबाडीत बसणार. तुम्ही फक्त म्हणालात, "वर चढ." मला स्टिअरिंगपुढे बसवलंत आणि त्या तिघींना सायकली घेऊन डाव्या अंगाला, मागच्या चाकाजवळ उभं केलंत. "आता आरशात पाह्य. दिसून राहिल्या का?" आरशात मुरूम दिसत होता, बाभळीचं झाड दिसत होतं, माझ्या तीन मैत्रिणी कुठेच नव्हत्या. "तुले ट्रक दिसते म्हणून ट्रकले बी तू दिसतेस, असं वाटते तुले," तुम्ही म्हणालात. "ट्रकले कोनीच दिसत नाही, बाई. दिसते ते डायवरले, अन् ते बी अर्धंच."

मैत्रिणींसमोर हे झालं याचा मला राग आला होता. खाली उतरता उतरता मी म्हणाले, "अन् तुम्ही कधी सायकलवर बसून पाह्यलं का? ट्रक बाजूनं गेला का सायकल आत ओढली जाते. तेव्हा हँडल धरावं का जीव?" तुम्ही ट्रकमध्ये बसलात आणि निघून गेलात. मला वाटलं, विषय संपला. पण त्या रविवारी सकाळी तुम्ही माझी सायकल अंगणात काढलीत. आई विचारते आहे, "कायले नेता पोरीची सायकल?" आणि तुम्ही सीट वर करत म्हणता आहात, "आमगावले जाऊन येतो." तुम्ही भर दुपारी परत आलात तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली होती आणि कोपर सोललेलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात बसून तुम्ही दोन तांबे पाणी प्यालात. मी चुलीजवळ वांगी चिरत होते आणि मुद्दामच मान वर करत नव्हते. एका ट्रकने तुम्हाला रस्त्यावरून खाली घातलं होतं. आईने विचारलं, "कोन होता?" तुम्ही म्हणालात, "आपल्याच मिलची गाडी. रोज माझ्यासंगं च्या पेते तो. पन सायकलवर कोन आहे, त्यानं पाह्यलंच नाही." मग तांब्या खाली ठेवत, कुणाकडेच न पाहता: "मी बी पाहात नव्हतो."

त्यानंतर तुम्ही सायकलवाल्याला ओलांडताना अख्खा ट्रक पलीकडे न्यायला लागलात, आणि समोरून गाडी येत असेल तर ओलांडायचंच नाही, मागे थांबायचं. मिलच्या गेटवर इतर ड्रायव्हरांनाही तेच सांगायचात, तर ते तुम्हाला मास्तर म्हणायला लागले. एकदा मी केबिनमध्ये होते. पुढे दुधाच्या कॅन लावलेली सायकल, तिच्यामागे आपण, आणि आपल्यामागे दहा-बारा गाड्यांचा कल्ला. मला लाज वाटली. मी म्हटलं, हॉर्न तरी द्या. तुम्ही म्हणालात, "त्याले माहीत आहे आपन मागं आहो. दचकवून का फायदा?"

आता दिवाळीनंतरची गोष्ट. तुमच्या वेळेसारखंच आजही धान मळून झालं की लोक ते डांबरी रस्त्यावर वाळत घालतात आणि गाड्यांनी तुडवू नये म्हणून कडेने दगड मांडतात. त्या सकाळी डावा अर्धा रस्ता असाच भरला होता. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ सायकलवर होते, कॅरिअरला विळा आणि डबा बांधलेला. डाव्या बाजूला धान, म्हणून ते रस्त्याच्या मधून चालले होते. दुसरीकडून चालणार तरी कुठून? शाळेत त्या दिवशी तपासणी होती आणि मला उशीर झाला होता. मी थोडा वेळ मागे राहिले. मग हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. ते दचकले, त्यांनी हँडल डावीकडे वळवलं, चाक धानात शिरलं आणि सरकलं. ते खांद्यावर पडले, त्या मांडलेल्या दगडांवर.

मी गाडी थांबवून धावले. पायाने धान परतत असलेली एक बाईही धावत आली. ते उठून बसले, डावा हात उजव्या हातात धरून, आणि मला म्हणाले, "हॉर्न कायले देल्ला, मॅडम? मी का तुमच्या आंगावर येऊन राहिलो होतो?" मी त्यांची सायकल त्या बाईकडे ठेवली आणि त्यांना गाडीत घालून आमगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, "धानावरून घसरले." हे खोटं नव्हतं. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे हात गळ्यात. त्यांचं स्वतःचं धान अजून शेतात उभं होतं.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. सून घरी होती. तिने चहा केला, खुर्ची पुसून दिली, आणि म्हणाली, "मॅडम, आजकाल कोन थांबते? लोकं पाडून पळून जातेत. तुमी होते म्हनून आमचा बुढा वाचला." मी चहा प्याले. म्हातारे खाटेवर बसून ऐकत होते. मी निघाले तसे ते अंगणापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "तुमी हॉर्न नसता देल्ला तरी मी बाजूले होतच होतो. दहा पावलावर धान संपून राहिलं होतं." आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या परक्याला वाट सांगावी तसं त्यांनी सांगितलं. मी गाडीत बसले, किल्ली लावली, काढली, आणि परत आत गेले. सुनेला म्हणाले, "ते माझ्यामुळे पडले. मी हॉर्न वाजवला म्हणून." मग तिने माझा रिकामा कप उचलला आणि आत गेली. बाहेर आली नाही.

त्या हंगामात त्यांचं धान गावातल्या लोकांनी मिळून कापलं. एका शनिवारी शाळेनंतर मीही विळा घेऊन गेले. सून माझ्याशी बोलली नाही, पण पाण्याची कळशी माझ्याकडे सरकवली. होळीपर्यंत म्हातारे पुन्हा सायकलवर बसायला लागले. हात खांद्याच्या वर जात नाही. रस्त्यावर दिसले की मी मागे राहते, आणि वाट मोकळी झाली की ते न वळताच मला पुढे जायची खूण करतात.

गेल्या महिन्यात मी शाळेच्या मैदानावर एक ट्रक आणवला. सायकलवर येणारी सगळी मुलं एकेक करून वर बसली आणि बाकीची डाव्या चाकाजवळ उभी राहिली. "मॅडम, कोनीच दिसून नाही राहिलं!" प्रत्येक जण ओरडत होता, जणू त्यालाच पहिल्यांदा कळलं. मग ड्रायव्हरला आणि गावातल्या दोन ट्रॅक्टरवाल्यांना मी मुलांच्या सायकली दिल्या आणि रस्त्याच्या कडेने फाट्यापर्यंत जाऊन या म्हटलं. ते हसत गेले. परत आले तेव्हा त्यातला एक हसत नव्हता. मुलांना मी तुमची गोष्ट सांगितली, नववीतली आणि त्या रविवारची. मुलं खूश होती. मुख्याध्यापक म्हणाले, दरवर्षी करू.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला माहीत आहे. वहीत राहील. तरी एक सांगायचं राहिलं. सगळे पांगल्यावर सातवीतली एक मुलगी सायकलला कुलूप लावता लावता थांबली. तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या गाडीनं कोनाले कधी लागलं का?" मी म्हणाले, नाही. गाडीने खरंच कुणाला लागलं नव्हतं. उद्या तिला नीट सांगू असं त्या संध्याकाळी ठरवलं होतं. आज चौथा आठवडा आहे. ती रोज पहिल्या बाकावर बसते.