भिंतवाल्यांचं गाऱ्हाणं

३ मार्च

चि. भिंगरीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

ऑनलाइन खेळात सावकाश खेळणाऱ्या तमाम मंडळींच्या वतीने हे पत्र लिहिते आहे. आम्ही म्हणजे आधी भिंत उभारणारे, मग धान्याचं कोठार भरणारे आणि कोण चालून येतंय ते नंतर पाहू म्हणणारे. आमचं गाऱ्हाणं एकच आहे. हा खेळ बनवणाऱ्या तुमच्या कंपनीचा हातोडा दर वेळी आमच्याच भिंतीवर पडतो. घोड्यांवरून आमच्यावर चालून येणाऱ्या धाडवाल्यांचा एकही घोडा आजवर लंगडा झालेला पाहिला नाही!

काल तुझ्या आईनं फोनवर सहज सांगितलं, की या वेळी भिंती निम्म्या होणार, तीस तारखेला निर्णय आहे आणि आकडेमोड तुझ्याकडे आहे. भिंगरे, तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवून माझी बोटं आखडली आहेत. हे पत्रसुद्धा पेनाला फडकं गुंडाळून लिहिते आहे. धाडवाल्यांसारखी पडद्यावर भराभर बोटं नाचवणं मला या जन्मी जमायचं नाही. भिंत मला विचार करायला वेळ देते, म्हणून विशीतल्या पोरांशी मी बरोबरीनं खेळते. ती पाडलीस, तर मी बाहेर. कुणाच्या सोयीसाठी, ते सांग. नुसतं हसून सोडू नकोस.

तुझे आतोबा म्हणतात, भाचीला कुणी नोटीस पाठवतं का? मी म्हटलं, वर आशीर्वाद लिहिलेत की.

तुझी, आणि तरीही तुझ्यावर चिडलेली,
आत्या

९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

नोटीस पोचली. टीमपुढे उभी राहून वाचली. घोड्यांची चित्रं काढणारा आमचा चित्रकार म्हणाला, या बाईंना इथंच नोकरीला घ्या, म्हणजे भांडण तरी समोरासमोर होईल.

आता माझी बाजू ऐक. शंभरातले एकसष्ट डाव भिंतवाले जिंकतात. दोन्ही तऱ्हा तुल्यबळ असतील, तर आकडा पन्नासच्या आसपास हवा. आत्याची सोय म्हणून मी भिंत राखली, तर माझा कान पहिली तूच पिळशील.

पण मलाही काहीतरी खटकतंय. कचेरीत आम्ही मुरलेले धाडवाले आणि मुरलेले भिंतवाले समोरासमोर बसवतो, तेव्हा सामना बरोबरीत सुटतो. मग बाहेरच एकसष्ट कुठून येतात? म्हणून दोन कामं सांगते. तुझे मागचे चाळीस डाव काढ आणि कोण जिंकलं यापेक्षा डाव संपला कसा, ते लिहून पाठव. शिवाय आठवडाभर धाडवाली होऊन खेळ. भीती वाटत असेल तर तसं कळव, मी कुणाला सांगणार नाही.

आईला सांगू नकोस, पण तुझं पत्र मी टेबलावर चिकटवलंय. माया पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

भीती? छापखान्याच्या गेटवर उभी राहून मालकाच्या तोंडावर भाषणं ठोकलेली बाई आहे मी.

चाळीस डाव तपासले. सव्वीस मी जिंकले. त्यांतल्या पंधरा डावांत समोरचा मध्येच उठून गेला होता. त्या पंधरांचाही तोरा मी आतोबांपुढे मिरवला होता! शेवटपर्यंत लढून झालेले डाव पंचवीस. त्यांत जिंकले अकरा, हरले चौदा.

मग घोड्यावर बसले. पहिल्या दोन डावांत माझे स्वार माझ्याआधी मेले. तिसऱ्यात एका भिंतीपाशी पोचले खरी, पण तिथं करायचं काय? डावीकडून गेले, उजवीकडून गेले, नऊ मिनिटं दगड बघितले. आत काय चाललंय ते कळेना. शेवटी मी खेळ बंद केला आणि भाजी चिरायला बसले. सुरी हातात घेतल्यावर ध्यानात आलं, की उठून गेले ती मीच! पलीकडच्या कुणीतरी आनंदानं टाळी वाजवली असेल. माझे पंधरा विजय म्हणजे पंधरा कंटाळलेली माणसं. फार लागलं गं ते मनाला.

मला एक सांग, तुमच्या त्या एकसष्टात हे उठून गेलेले कुठं धरलेत?

आशीर्वाद कायम, राग अर्धा.
आत्या

२३ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

जो उठतो तो हरला, असा आमचा नियम आहे. हरताना कुणी पळू नये म्हणून केलेला. पण तक्त्यात ते डाव कुणी वेगळे काढलेच नव्हते, मीसुद्धा नाही. शंभरांत असे चोवीस निघाले. ते वगळले, तर उरलेल्यांत भिंतवाले शेकडा एकोणपन्नास! मी तीनदा मोजलं. मग साहेबांपुढे ठेवलं.

साहेब म्हणतात, लोक उठून जातात हे तर खरंच ना? मग भिंत निम्मी करा, डाव लवकर संपेल. तीसला बैठक आहे आणि मला दुसरं काहीतरी मांडायला हवं. एकच मागणी लिही. भाषण नको.

घाईत आहे, नमस्कार मात्र सावकाश.
भिंगरी

२६ मार्च

चि. भिंगरीस, आणि तिच्यासोबत बैठकीला बसणाऱ्या सर्वांस,

भिंत आणि घोडा यांत आता वैर उरलेलं नाही. बाहेरच्याला काही करता येत नाही आणि आतल्याला काही करावं लागत नाही, हा आम्हा दोघांवरचा अन्याय आहे. भिंत निम्मी केलीत, तर तो कंटाळणार नाही, पण मी संपेन. आहे तशी ठेवलीत, तर मी जिंकत राहीन, रिकाम्या मैदानापुढे. दोन्ही मला नकोत.

धान्य आत घेण्यासाठी भिंतवाल्याला डावात तीनदा दार उघडावं लागू दे. कधी उघडायचं, ते मी ठरवीन. त्याला बोटांचा वेग लागत नाही. बाहेरचा टपून बसेल, माझा अंदाज घेईल, मला फसवेल. चुकीच्या वेळी उघडलं, तर मी हरेन. हरू दे मला, पण समोर माणूस असू दे.

लोभ आहे, तो मागायला लागत नाही. मागते ते इतकंच: तीस तारखेला भिंतीची उंची एका दगडानेही कमी करू नका आणि तिला एक दार ठेवा.

आत्या