मडगार्डावरचे गोंडे

ओतूर,
१८ मे २००४

प्रिय गोरख,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरात फोन असताना अक्काला पत्राची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. पण आमचा फोन माजघरात आहे आणि संपतचे कान फार तिखट आहेत. तो आत्ता आपली पिकअप घेऊन आळेफाट्याला वेल्डिंगवाल्याकडे गेलाय. मी ओसरीवर गहू निवडायला बसलेय. निवडते कसली, सूप मांडीवर तसंच आहे आणि डोळे रस्त्यावर. तो गाडी घेऊन बाहेर पडला की परत येईपर्यंत माझं हे असंच चालतं. लांब कुठे हॉर्न वाजला की जीव भांड्यात पडतो आणि तो हॉर्न एसटीचा निघाला की परत वर येतो. मला भीती वाटते, गोरख. लहानपणी तुला विहिरीत ढकलून पोहायला शिकवणारी तुझी बहीण हे लिहितेय, तेव्हा हसण्यावारी नेऊ नकोस.

अक्षय्य तृतीयेला तू आमरसाची वाटी अर्धी टाकून उठलास, ते अजून माझ्या घशाशी आहे. मामा-भाच्याचं भांडण, तेही एका जुन्या गाडीवरून! तुझं म्हणणं, आप्पांनी लष्कराच्या लिलावातून आणली तेव्हा होती तशी ती पुन्हा दिसली पाहिजे. तोच हिरवा रंग, तेच पेट्रोल इंजिन, हौद्याला तशाच सागाच्या फळ्या. ‘ओरिजिनल’ हा शब्द तू त्या दिवशी इतक्या वेळा म्हणालास की माझी हर्षाली स्वयंपाकघरात तोंडाला ओढणी लावून हसत होती. आणि संपतचं म्हणणं, "मामा, गाडी काय देव्हाऱ्यात मांडायची हाय व्हय? चार पैसं कमवू द्या की तिला." त्याला डिझेल इंजिन बसवायचंय, हौद्यावर पत्र्याचं छप्पर, दोन्ही अंगांना बाकडी. शाळा उघडली की वाड्यावस्त्यांवरची पोरं भरून ओतूरला आणायची आणि संध्याकाळी परत सोडायची. पोरं म्हणजे माझ्याच शाळेतली, माझ्याच वर्गातली. पालकांनी एका शब्दात होकार दिला, कारण पोरगा बाईंचा. परवा एक आजी मला बाजारात अडवून म्हणाली, "बाईंचाच ल्योक चालवनार म्हंजे आमाला लई आधार झाला बगा." मी मान डोलावली आणि भाजी न घेताच घरी आले.

तू म्हणशील, अक्का त्या दिवशी तर तू त्याचीच बाजू घेतली होतीस. घेतली होती. पिंपरीच्या फ्लॅटात राहून इथल्या गाडीचा रंग ठरवू नकोस, असंही मीच म्हणाले. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. पोराला काहीतरी सुचलंय, हाताला काम मिळतंय, मामाने आडकाठी करू नये. मग तू बोलता बोलता एक गोष्ट म्हणालास आणि संपतने तिला जे उत्तर दिलं, तिथून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

तू म्हणालास, पहिल्यांदा आप्पांनी गाडीला चिकटवलेलं सगळं लचांड काढून टाकू. दोन्ही मडगार्डांवर उभ्या केलेल्या त्या सळया, त्यांच्या टोकांचे लाल लोकरीचे गोंडे, बंपरच्या कोपऱ्यांना फासलेला पांढरा रंग, बॉनेटच्या मधोमध बसवलेला तो भलामोठा दिवा. मला वाटलं, निदान एवढ्यावर तरी दोघांचं जमेल. बावीस वर्षांच्या पोराला असले गोंडे लावून फाट्यावर जायला लाजच वाटायला हवी. पण संपत ताडकन म्हणाला, "सळयांना हात लावायचा न्हाई. बाकी काय बी करा." तुझं लक्ष नव्हतं, तू रागात होतास. पुढच्याच आठवड्यात त्याने त्या सळया वीतभर वाढवून घेतल्या. कडांना रेडियमच्या पट्ट्या लावल्या. डाव्या बाजूला एकावर एक दोन आरसे बसवले आणि टपावर दिव्यांची रांग. त्याचे मित्र म्हणाले, काय मॉडिफाय केलीय राव! मी दारात उभी राहून बघत होते. अगदी अशीच गाडी मी आधी पाहिली होती.

तू तेव्हा आईच्या मांडीवर होतास, तुला आठवणार नाही. आप्पा खोडदहून नारायणगावच्या बाजाराला माल घेऊन निघाले की डाव्या सीटवर मी असायचेच. शाळा बुडाली तरी चालेल, पण पोरगी बरोबर हवी. गाडी सुरू झाली की म्हणायचे, "बोलत ऱ्हा गं. डावीकडं काय काय लागतंय, समदं सांगत चल." मग माझी टकळी सुरू. सायकलवाला आला, बैलगाडी चाललीय, म्हातारी बसलीय, कुत्रं उठलं, पोरं गोट्या खेळतायत. मी गप्प झाले की आप्पा गाडी हळू करायचे. मला वाटायचं, आपलं बोलणं आप्पांना किती आवडतं! बाजारात पोचल्यावर शेवचिवडा मिळायचा आणि मी स्वतःला मोठी गोष्टीवेल्हाळ समजायचे. गोंड्यांचं कुणाला नवल वाटलंच नाही. आपल्याकडे शर्यतीच्या बैलाला शिंगं रंगवून गोंडे बांधतात, तसे आप्पांनी, गावाच्या सयाजीरावांनी, गाडीला बांधले, एवढंच लोकांनी धरलं. यात्रेत तर लोक येऊन गाडीच्या बॉनेटवर गुलाल टाकायचे. आणि आप्पा हसून घ्यायचे.

माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत आप्पांनी स्टिअरिंग गेणू गड्याच्या हाती दिलं. पुन्हा कधी गाडी चालवली नाही. जो तो म्हणायचा, लेक सासरी गेली आणि सयाजीरावांची हौसच गेली. मीही ते इतकी वर्षं मिरवत आले. सासरी कुणी माहेरावरून बोललं की हीच गोष्ट सांगायचे.

आता पुढचं नीट वाच. आप्पांच्या शेवटच्या वर्षांत खोडदला दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या राहत होत्या, आठवतं? आप्पा अंगणात बसून लांबची तबकडी कुठे वळली ते बिनचूक सांगायचे. म्हणून सगळे म्हणत, म्हाताऱ्याची नजर अजून शाबूत आहे. पण मांडीशेजारी ठेवलेला तांब्या त्यांना हाताने चाचपडावा लागे. तिन्हीसांज झाली की भिंत धरून चालायचे. नारायणगावच्या नेत्रशिबिरात मीच घेऊन गेले होते. तिथले डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू काढू, पण फार आशा धरू नका, आतला पडदाच कडेकडेने वाळत आलाय, नळीतून पाहावं तसं फक्त समोरचं दिसतं, बाजूचं नाही, आणि हे आजचं नाही, तरुणपणापासूनचं आहे. आप्पांनी मला रिक्षात बसल्यावर एवढंच सांगितलं, "गोरखला न्हाई सांगायचं. आन गावात तर नगंच." मी नाही सांगितलं. वय झालंय, आता काय फरक पडतो, असं मला वाटलं.

संपत जेवायला बसला की पाण्याचा पेला नेमका त्याच्या कोपराने लवंडतो. हर्षाली म्हणते, दादा धसमुसळाच आहे. भिमाजी भावजींच्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या दोरीला अडखळून तो सगळ्यांदेखत पडला. पोरं म्हणाली, घेऊन आला वाटतं! त्याने दारूला कधी हात लावलेला नाही, पण तेव्हा त्याने खोटं खोटं झिंगल्यासारखं करून त्यांना हसवलं. आपल्याला दिसत नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून जो दारुडा म्हणवून घ्यायला तयार आहे, त्याला स्वतःचं किती कळलंय, सांग बरं. अलीकडे अंधार पडायच्या आत तो गाडी दाराशी लावतो. मी कौतुकाने म्हणाले की माझ्या भीतीला किंमत देतोस हो. तर तो माझ्याकडे न बघता आत निघून गेला.

मग मागच्या आठवड्यात मी मुद्दाम त्याच्याबरोबर डाव्या सीटवर बसून खोडदला गेले. भर दुपार, लख्ख ऊन. आपल्या वळणाच्या अलीकडे गोजरबाईची शेळी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी होती. मला ती लांबून दिसत होती. मला वाटलं, त्यालाही दिसतेय. शेवटी मी ओरडले, पण तोवर मडगार्ड लागलं होतं. शेळीचा पाय मोडला. गोजरबाई धावत आली तेव्हा संपत सांगत होता, "आवो, एकाएकी आडवी आली. उडीच मारली तिनं." गोरख, ती शेळी जागची हललीसुद्धा नव्हती. घरी येईपर्यंत मी डावीकडचं सगळं मोठ्याने सांगत होते. सायकल, खड्डा, पोरगी, दुधाची किटली. त्याने मला एकदाही गप्प बस म्हटलं नाही. आणि मी जरा थांबले की गाडी हळू व्हायची. आप्पांचे ते गोंडे हौसेचे नव्हते, गाडीची कड कुठे संपते ते कळायला होते, हे मला तिथे उमगलं.

दुसऱ्या दिवशी चष्म्याचा नंबर काढायचं निमित्त करून मी एकटीच पुण्याला गेले. मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात आप्पांचं सगळं सांगितलं, संपतचंही सांगितलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, घाई केली नाही. म्हणाल्या, मुलाला तपासल्याशिवाय मी ठाम बोलणार नाही, पण तुम्ही सांगता तसं असेल तर हा घराण्यातला आजार आहे. मी पहिल्यांदा तुझं विचारलं. म्हटलं, मला धाकटा भाऊ आहे, त्याला एक मुलगा आहे. त्या म्हणाल्या, या तऱ्हेत बापाकडून मुलाला हे जात नाही, भावाची काळजी करू नका. तेव्हा तू आणि शौर्य सुखरूप आहात, निश्चिंत राहा. मग त्या म्हणाल्या, बापाकडून हे मुलीत येतं. मुलीला स्वतःला बहुधा फारसा त्रास होत नाही. ती ते पुढे आपल्या मुलाला देऊ शकते. एवढं सांगून त्यांनी मला पाणी दिलं. पाणी पिताना मला तुझा हेवा वाटला, गोरख. खोटं कशाला बोलू? आप्पांनी गाडी तुझ्या नावावर केली तेव्हा नाही वाटला, तो त्या दवाखान्यात वाटला.

ह्यांना अजून काही बोललेले नाही. संपतला तर नाहीच. त्याला सांगायचंय, मलाच सांगायचंय, पण नुसत्या संशयावर नाही. आणि ते ऐकल्यावर त्याला धरायला कुणीतरी लागेल, ती मीच असायला हवी. म्हणून हे पत्र. शाळा उघडायच्या आत गाडी इथून हलली पाहिजे. कागद तुझ्या नावावर आहेत, तुला कुणी अडवू शकत नाही. येत्या रविवारी सकाळी ये, बरोबर ड्रायव्हर आण आणि सरळ म्हण की गाडी माझी आहे, मला ती जुनी करायचीय, आज घेऊन चाललो. कारण विचारलं तर सांगू नकोस. संपत तुला नाही नाही ते बोलेल. आप्पांच्या गोंड्यांवरून रडेलही. मी त्याच्या बाजूने उभी राहीन, तुला भाऊ म्हणायची लाज वाटते असंही म्हणेन आणि ते खरं वाटावं म्हणून जोरात म्हणेन. तू मान वर करू नकोस. गाडी गेली की मी त्याची समजूत काढायला म्हणून त्याला पुण्याला आणते, तू त्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेव, त्यांचं कार्ड या पाकिटातच घातलंय. तिथे जे कळेल ते कळेल. पण त्याआधी माझ्या वर्गातलं एकही पोर त्या बाकड्यावर बसता कामा नये आणि आपल्या हातून काय होऊ शकलं असतं, ते माझ्या पोराला जन्मात कधी कळता कामा नये. कदाचित तो तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही. एवढं माझ्यासाठी सोस. मामा त्याला नसला तरी चालेल, आई लागेल.

तुझीच, आणि रविवारी चारचौघांत तुझ्यावर तोंड टाकणारी,
अक्का